पन्नाशीतली मरगळ आणि टेस्टोस्टेरॉन: इंजेक्शनच्या आधीच्या आणि नंतरच्या पायऱ्या

जिमला नाव नोंदवून तीन आठवडे झाले होते. पोट जागच्या जागी, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढलो की छातीचा भाता. ट्रेनर म्हणाला, "सर, तुमचा टी डाऊन असणार. अडीचशेचं एक इंजेक्शन मारू, दोन महिन्यांत फरक बघा." मी तेव्हा ४८ वर्षांचा. दुपारी चारला, डबा खाऊन झालेला असताना, ऑफिसातून निघून थेट लॅबमध्ये रक्त देऊन आलो. रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन २.६१, आणि शेजारी ठळक खूण: कमी. त्या रात्री या विषयावर जे जे वाचलं ते सगळं मला लागू पडत होतं.

तीन आठवड्यांनी एका जाणत्या डॉक्टरांनी तीच चाचणी सकाळी आठला, उपाशीपोटी करायला लावली. ३.७४. दहा दिवसांनी पुन्हा केली, ३.५८. इंजेक्शनचा विषय तिथेच संपला. मरगळीचा मात्र नाही. तिचं कारण वेगळं निघालं, ते पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे. पण कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीच्या आधी करायची, एवढं मला आता कळतं. या विषयात बहुतेकांची चूक त्या क्रमातच होते.

पायरी १: तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

टेस्टोस्टेरॉन वृषणांत तयार होतं, आणि किती तयार करायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते. तिशी-चाळिशीनंतर त्याची पातळी वर्षाला साधारण १ टक्क्याने उतरत जाते. बायकांची पाळी जाताना हार्मोन जसे थोड्या काळात झपाट्याने घसरतात, तसं पुरुषांत होत नाही. म्हणून 'पुरुषांचा मेनोपॉज' हा शब्द मला फसवा वाटतो.

थकवा, चिडचिड, कामात लक्ष न लागणं, पोट सुटणं ही सगळी लक्षणं टेस्टोस्टेरॉन कमी असल्याची असू शकतात. तशीच ती थायरॉइडची, मधुमेहाची, रक्त कमी असल्याची, नैराश्याची, अपुऱ्या झोपेची आणि गृहकर्जाचीही असू शकतात. युरोपातल्या आठ केंद्रांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा अभ्यास झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी टेस्टोस्टेरॉनशी खात्रीने जोडता आली ती तीनच लक्षणं: पहाटेची ताठरता कमी होणं, इच्छा मंदावणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणं. ही तिन्ही लक्षणं आणि रक्तातली कमतरता असं दोन्ही असलेले पुरुष निघाले सुमारे २ टक्के. जिमच्या आरशासमोर उभे असलेल्या आम्हा सगळ्यांना मात्र आपण त्या दोनांतलेच वाटतो.

ताठरतेची तक्रार असेल तर ती लाजेखातर दाबून ठेवू नका, आणि परस्पर गोळी घेऊन मोकळेही होऊ नका. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे त्या आधी तुंबतात. हृदयविकाराची ही सूचना छातीत दुखायच्या काही वर्षं आधीही मिळू शकते. पन्नाशीत ही तक्रार सुरू झाली तर साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि हृदय यांची तपासणी टेस्टोस्टेरॉनच्या बरोबरीने व्हायला हवी.

पायरी २: रक्त कधी आणि कसं द्यायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

टेस्टोस्टेरॉन पहाटे आणि सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं. जेवल्यावर, विशेषतः गोड किंवा पिठूळ खाल्ल्यावर, ते आणखी खाली येतं. त्यामुळे रक्त सकाळी द्यायचं, शक्यतो दहाच्या आत, आणि उपाशीपोटी. पाणी चालतं. रात्रपाळी करणाऱ्यांनी तसं डॉक्टरांना सांगावं, कारण त्यांची सकाळ वेगळी असते. ताप, डेंग्यू, ऑपरेशन किंवा कुठलंही मोठं आजारपण नुकतंच झालं असेल तर चाचणी पुढे ढकला. आजारात ही पातळी घसरतेच. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, काही यंत्रांवरचे आकडे त्यामुळे बिघडतात.

एका रिपोर्टवर काहीच ठरवायचं नाही. कमी आला तर वेगळ्या दिवशी, तशाच सकाळी, शक्यतो त्याच लॅबमध्ये पुन्हा. एकाच माणसाची पातळी दोन दिवसांत बरीच वरखाली होते.

आता आकड्यांची भाषा. काही लॅब आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलीटरमध्ये. म्हणजे माझा ३.७४ आणि तुमच्या मेहुण्याचा ३७४ हा एकच आकडा आहे. परदेशात राहणाऱ्यांना नॅनोमोल प्रति लीटर दिसेल. डेसिलीटरच्या आकड्याला २८.८ ने भागलं की तो मिळतो. माझ्या एका मित्राने आपला ४.१ आणि भावाचा ३९० बघून एक अख्खा रविवार काळजीत घालवला होता.

कमी म्हणजे किती? अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर ही रेघ धरते, तिथल्या हार्मोनतज्ज्ञांची संघटना २६४ ही निरोगी तरुणांची खालची मर्यादा मानते. या दोन रेघांमधली आणि आसपासची माणसं म्हणजे खरी डोकेदुखी. इथे 'एसएचबीजी' नावाच्या प्रथिनाची चाचणी कामी येते. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन या प्रथिनाला चिकटून फिरतं, आणि पोट सुटलेल्या किंवा मधुमेही माणसात हे प्रथिनच कमी असतं. मग एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं, कामाला येणारं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. उलट, वय वाढलं की किंवा यकृताचा आजार असेल तर एसएचबीजी वाढतं. एकूण आकडा छान दिसतो आणि मोकळं कमी निघतं. त्यामुळे काठावरचा आकडा आला तर डॉक्टरांना एसएचबीजीबद्दल जरूर विचारा.

पायरी ३: आकडा खरोखर कमी आला, तर आधी कारण

दोन्ही सकाळचे रिपोर्ट कमी आले आणि लक्षणंही आहेत, तरी लगेच टेस्टोस्टेरॉन सुरू करायचं नसतं. बिघाड कारखान्यात आहे की हुकूम देणाऱ्या कचेरीत, हे आधी बघायचं. त्यासाठी एलएच आणि एफएसएच या चाचण्या; पिट्युटरीचे हुकूम वृषणांपर्यंत नेणारी ही दोन हार्मोन्स. हे दोन्ही वाढलेले असतील तर पिट्युटरी ओरडते आहे पण वृषणं साथ देत नाहीत: मोठेपणी झालेले गालगुंड, जुनी इजा, केमोथेरपी, काही जन्मजात कारणं. हे दोन्ही कमी किंवा 'नॉर्मल'च असतील तर वरूनच हुकूम कमी येतो आहे. मग प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन तपासतात, गरज वाटली तर पिट्युटरीचा एमआरआय.

माझ्याबरोबर शाळेत असलेला एक जण याच वाटेने गेला. इच्छा मेली होती, डोकं दुखायचं, आणि स्कूटर चालवताना बाजूने येणारी गाडी त्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसायची नाही. तो ते चष्म्याच्या नंबरावर ढकलत होता. प्रोलॅक्टिन प्रचंड वाढलेलं निघालं, पिट्युटरीवर गाठ होती. कर्करोगाची नव्हे. गोळ्यांनी ती आक्रसली आणि टेस्टोस्टेरॉन आपोआप वर आलं. त्याने थेट जिमचं इंजेक्शन घेतलं असतं तर थोडी ताकद वाटली असती आणि गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबत राहिली असती.

चालू औषधांची यादीही सोबत न्या. दुखण्यासाठी दीर्घकाळ घेतलेली ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गी औषधं, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी पोटातून घेतलेली स्टिरॉइड्स, ही दोन्ही टेस्टोस्टेरॉन पाडतात. सांधेदुखीच्या पुड्या देणाऱ्या माणसाकडून काही घेत असाल तर तेही सांगा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडणं ही काही नवी गोष्ट नाही.

कोणाकडे जायचं? एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, किंवा पुरुषांच्या तक्रारी नेहमी बघणारे युरॉलॉजिस्ट. तालुक्याच्या गावी दोन्ही नसतील तर चांगला एमडी फिजिशियनही सुरुवातीच्या सगळ्या चाचण्या लिहून देऊ शकतो.

पायरी ४: निदान तीन महिने शरीराला द्या

ज्यांच्यात गाठ, इजा वगैरे ठोस कारण सापडत नाही, आणि मध्यमवयीनांत बहुतेकदा तसंच होतं, त्यांच्यासाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. उपचार पुढे घेणार असाल तरी हिला पर्याय नाही.

पोट. पोटातली चरबी स्वस्थ पडून राहत नाही. तिच्यातलं अरोमॅटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं, वाढलेलं इन्सुलिन एसएचबीजी पाडतं आणि मेंदूकडून येणारा हुकूमही मंदावतो. म्हणजे पोटामुळे टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि उतरलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे पोट वाढतं. वजन दहाएक टक्क्यांनी उतरलं तर पातळी औषधाविना वर येते, जास्त उतरलं तर जास्त. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात, म्हणजे साडेपस्तीस इंच. मोजताना शिंप्याची टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, पोट आत न ओढता. पँटचा नंबर सांगू नका. आपण सगळे पँट ढेरीच्या खालीच घालतो.

झोप. माझी मरगळ इथे निघाली. बायको वर्षानुवर्षं सांगत होती की मी घोरताना मध्येच श्वास थांबवतो आणि मग दचकून ओढतो. मी ते विनोद म्हणून ऐकत होतो. झोपेची तपासणी केली, आता स्लीप स्टडी घरीही करतात, आणि स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, निघाला. सीपॅपचं, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं, यंत्र लावून झोपायला लागल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढतंच असं काही नाही, पण दुपारी तीनला मीटिंगमध्ये पेंगणं थांबलं. नुसती झोप कमी पडली तरी काय होतं ते २०११ साली एका छोट्या अभ्यासात दिसलं: १० निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी खाली आलं.

दारू. रोजची असेल तर कमी करा. यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

व्यायाम. तिशीनंतर वापर नसलेले स्नायू दर दशकाला ३ ते ८ टक्क्यांनी झिजतात. पन्नाशीत जिना चढताना जी दमछाक होते तिच्यातला मोठा वाटा या झिजेचा असतो, आणि ती भरून काढायला हार्मोनपेक्षा ओझं जास्त उपयोगी पडतं.

मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात लवकर हृदयविकार असा इतिहास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. चालताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब येऊन थांबल्यावर बरं वाटत असेल तर व्यायामाचं नावही काढू नका, आधी कार्डिओलॉजिस्ट. या वयाचा आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा म्हणजे सहा महिने काही करायचं नाही आणि एका रविवारी मित्रांच्या पैजेवर सिंहगड चढायचा. वर पिठलं-भाकरी आणि कांदाभजी, उतरताना गुडघे हातात, आणि पुढचे दोन आठवडे पुन्हा खुर्ची.

पहिला महिना: रोज अर्धा तास चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, दप्तरात पुस्तकं भरून ते कमरेतून वाकून छातीकडे ओढणं, आणि दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन गच्चीवर फेऱ्या. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, आठ ते बारा वेळा.

दुसरा महिना: जोर भिंतीवरून टेबलावर आणा, खुर्चीच्या जागी बैठका. तालमीतल्या दोनशे बैठकांच्या गोष्टी विसरा. बाराव्या वेळेला 'अजून दोनच जमतील' असं वाटलं पाहिजे, एवढंच माप. बारा सहज जमल्या की वजन वाढवा, आकडा वाढवू नका. ओझं उचलताना श्वास कोंडू नका, रक्तदाब चढतो.

तिसरा महिना: आठवड्यातून तीन दिवस ताकद, आणि जमलं तर जिममध्ये जाऊन डेडलिफ्टसारखे प्रकार चांगल्या माणसाकडून शिकून घ्या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते; तोपर्यंत तुम्ही तिथे पोचलेले असाल. सूर्यनमस्कार करत असाल तर चालू ठेवा, अंग मोकळं करायला त्यासारखं दुसरं नाही. पण त्यात ओझं वाढवता येत नाही, म्हणून तेवढ्यावर भागवू नका. (या मतावर माझं आणि माझ्या धाकट्या काकांचं भांडण आहे. ते ७४ वर्षांचे आहेत आणि माझ्याआधी पर्वती चढून जातात, हेही नोंदवतो.)

प्रथिनं. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं. व्यायाम करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाने १.२ ग्रॅमच्या आसपास जावं. ७५ किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. आता आपलं ताट बघा. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, पातळ आमटी, भात. दिवसभरात पन्नाशीही गाठत नाही. अंडं ६ ग्रॅम, वाटीभर मोड आलेली मटकी ७ च्या आसपास, ३० ग्रॅम सोयाबीन वड्या १५, १०० ग्रॅम पनीर १८, शिजवलेलं १०० ग्रॅम चिकन २५ हून जास्त. आमटी घट्ट करा, मटकीची उसळ रोज करा, रात्रीचा भात अर्धा करा, निम्मं गणित सुटेल. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

तीन महिन्यांनी सकाळचं रक्त पुन्हा द्या. बऱ्याच जणांची वाट इथेच संपते.

मधला मुक्काम: बाजारातल्या बाटल्या

शिलाजित, गोखरू, मेथीचा अर्क, अश्वगंधा. अश्वगंधावर काही छोटे अभ्यास झालेत आणि थोडा फरक दिसलाही आहे, पण खरी कमतरता असलेल्या माणसाचा उपचार त्याने होत नाही. शिवाय यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. माझी खरी भीती वेगळी आहे. 'पूर्ण आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं वारंवार सापडतं. आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट बाळगणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेलं, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

ताकदीचा भास किती सहज होतो याची जुनी साक्ष आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यातला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झाल्याचं जाहीर केलं. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्या सुईत कामाचं काही नव्हतं.

पायरी ५: उपचार ठरला तर

लक्षणं आहेत, दोन सकाळचे रिपोर्ट कमी आहेत, कारण तपासलं आहे. आता उपचार हा योग्य निर्णय असू शकतो, आणि अशा माणसाने त्याला उगाच घाबरू नये. पण कोणी घेऊ नये ते आधी: प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग, गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात, आटोक्यात नसलेलं हार्ट फेल्युअर, उपचार न केलेला तीव्र स्लीप ॲप्निया, गुठळ्या होण्याची प्रवृत्ती, आधीच घट्ट असलेलं रक्त. आणि ज्यांना नजीकच्या काळात मूल हवं आहे ते सगळे.

या शेवटच्या मुद्द्याची आपल्याकडे दाणादाण आहे. लोकांना वाटतं, मर्दानी हार्मोन बाहेरून घेतलं की शुक्राणू वाढतील. होतं उलटं. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर पिट्युटरी हुकूम बंद करते, वृषणांतलं काम थांबतं आणि ती आकाराने लहान होतात. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनचीच चाचणी घेतली होती, एवढं सांगितलं तरी पुरे. मूल हवं असेल तर हार्मोनतज्ज्ञांकडे क्लोमिफेन, एचसीजी असे वेगळे मार्ग आहेत.

प्रकार मुख्यतः तीन. लांब पल्ल्याचं इंजेक्शन, टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट १,००० मिलिग्रॅम: दुसरं सहा आठवड्यांनी आणि पुढे १० ते १४ आठवड्यांनी एक. ते जाड तेलात असतं, कुल्ल्यात खोलवर आणि अगदी सावकाश द्यावं लागतं, आणि नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. कधीकधी तेलाचे कण फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ येते. हे घरी किंवा जिमच्या लॉकर रूममध्ये घ्यायचं काम नाही. दोन-तीन आठवड्यांचं जुनं इंजेक्शन स्वस्त पडतं, पण पहिले काही दिवस पातळी आभाळात आणि शेवटी पाताळात; घरचे लोक ती मूडवरून ओळखतात. तिसरं जेल. रोज खांद्याला किंवा दंडाला चोळायचं, वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे, वर कापड. जेल लावलेल्या अंगाला लेकरू चिकटलं तर ते त्याच्या अंगात जातं आणि लहान मुलांत अवेळी वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात. घरात नातवंडं असतील तर मी जेल निवडणार नाही. गोळ्याही मिळतात, त्या तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबरच शोषल्या जातात.

अपेक्षा किती ठेवावी? ६५ वर्षांवरच्या, पातळी २७५ च्या खाली असलेल्या ७९० पुरुषांवर अमेरिकेत वर्षभराचा प्रयोग झाला, २०१६ साली निष्कर्ष आले. कामजीवनात मध्यम सुधारणा, उत्साहात म्हणण्यासारखा फरक नाही, चालण्यात अगदी किंचित. इच्छा साधारण तीन ते सहा आठवड्यांत परतते, स्नायूंतला फरक तीन-चार महिन्यांनी दिसतो, हाडांना वर्षं लागतात. ऑस्ट्रेलियात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, पोट सुटलेल्या १,००७ पुरुषांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम देऊन त्यातल्या निम्म्यांना वर टेस्टोस्टेरॉनही दिलं. दोन वर्षांनी मधुमेह झालेले त्या गटात १२ टक्के, नुसत्या आहार-व्यायामाच्या गटात २१ टक्के. ऐकायला मोहक. पण टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांतल्या २२ टक्के जणांचं रक्त धोक्याच्या रेघेपर्यंत घट्ट झालं, हेही त्याच अभ्यासातलं.

हृदयाचं काय, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांवरचा टेस्टोस्टेरॉन जेलचा मोठा प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला: हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू यांचं प्रमाण जेलवाल्यांत ७.० टक्के, खोट्या जेलवाल्यांत ७.३. म्हणजे फरक नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी आणि मूत्रपिंडाला इजा हे जेलवाल्यांत थोडं जास्त दिसलं, आणि सगळ्यांच्या समजुतीच्या उलट, हाड मोडण्याचं प्रमाणही.

पायरी ६: देखरेख

सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) आणि पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) केलेलं असलं पाहिजे. सीबीसीच्या रिपोर्टात 'एचसीटी' किंवा 'पीसीव्ही' असं लिहिलेला आकडा म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्ताचा घट्टपणा. तो ४८ ते ५० च्या वर असेल तर सुरुवातच करत नाहीत. उपचारात ५४ च्या वर गेला तर थांबवतात. परस्पर रक्तदान करून आकडा खाली आणायचा आणि डोस तसाच ठेवायचा, ही जिममधली युक्ती वापरू नका. पीएसए ४ च्या वर असेल तर आधी युरॉलॉजिस्ट. पहिल्या वर्षात तो १.४ हून जास्त वाढला तरी युरॉलॉजिस्टच.

तपासणी तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दरवर्षी. लांब पल्ल्याच्या इंजेक्शनवर असाल तर रक्त पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी द्यायचं, जेलवर असाल तर लावल्यानंतर काही तासांनी. रक्तदाब घरी मोजत राहा. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. वर्षभर नीट घेऊन, पातळी योग्य ठेवूनही लक्षणांत फरक पडला नाही तर उपचार थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

पन्नाशीत मॅरेथॉन, सायकलिंग किंवा मास्टर्स गटातल्या स्पर्धा खेळत असाल तर टेस्टोस्टेरॉन बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे, वय कितीही असो. आधी रीतसर परवानगी घ्यावी लागते आणि नुसत्या वयापोटी कमी झालं म्हणून ती मिळत नाही.

पायरी ७: थांबवायचं असेल तर

बंद केल्यावर मधल्या काळात शरीराचा स्वतःचा कारखाना बंदच असतो, म्हणून काही आठवडे आधीपेक्षाही गळून गेल्यासारखं वाटतं. त्या दिवसांत बरेच जण घाबरून पुन्हा सुई घेतात. शुक्राणू परत यायला लागणारा वेळ गर्भनिरोधकाच्या अभ्यासांतून माहीत आहे: सहा महिन्यांत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांची संख्या पुरेशी होते, वर्षभरात ९० टक्क्यांची, उरलेल्यांना दोन वर्षंही लागतात. हे नियंत्रित डोस घेतलेल्या निरोगी माणसांचं. जिममध्ये दोन-तीन औषधं एकत्र करून, कित्येक पट डोस, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना असं वेळापत्रक कोणी देऊ शकत नाही.

माझे सकाळचे दोन्ही रिपोर्ट मी त्या ट्रेनरला दाखवले होते. तो हसला, म्हणाला, "सर, नशीबवान आहात." काही दिवसांनी जिम रिकामं असताना जवळ आला आणि त्या हार्मोन्सच्या डॉक्टरांचा नंबर मागितला. वय २९, लग्नाला तीन वर्षं, बायकोच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. त्याला स्वतःची तपासणी करायला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या रिपोर्टात शुक्राणू शून्य. आता सात महिने झाले, इंजेक्शन पूर्ण बंद आहे, दंड थोडे उतरलेत, गोळ्या चालू आहेत. दुसऱ्या रिपोर्टात चाळीस लाख आले, म्हणजे अजून बरेच कमी. तिसरा पुढच्या महिन्यात आहे.